धक्क्यावर उघडलेलं पान

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुना मोबाईल आहे. काचेला कोपऱ्यात तडा, पाठीला चिकटपट्टी, आणि बॅटरी अशी की सकाळी भरली तर दुपार गाठताना धाप लागते. पण खोटं दाखवायची सवय मला कधीच नव्हती.

डॉईल पार्डीने मला नवाकोरा घेतला तेव्हा माझा थाट वेगळा होता. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर, बार्टर्स आर्म गावात, हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्याची चार माणसांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. भेटेल त्याच्या हातात तो मला कौतुकाने द्यायचा. तीन वर्षांनी नवा आला आणि मी खणात गेलो, गुंडाळलेल्या वायरींच्या खाली. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मला बाहेर काढलं ते त्याच्याकडे काम करणाऱ्या बर्नाडेट हाइन्सने. कंपनीत बनलेलं वेबसाइटचं प्रत्येक पान ती आधी माझ्यावर उघडून बघू लागली.

गेल्या ऑक्टोबरात फेरीबोटीच्या कचेरीचं काम आलं. बोट कधी सुटणार, वाऱ्यामुळे रद्द झाली का, हे समोरच्या बेटावरच्या माणसांना मोबाईलवर दिसायला हवं होतं. ते पान कशाने बांधायचं यावरून कंपनीत जुंपली. कॉर्बिन या हुशार गड्याने नव्या फ्रेमवर्कवर, म्हणजे पानं बांधायच्या आयत्या सामानावर, तीन आठवडे खपून देखणा नमुना केला होता. त्यात नकाशावर बोट डुलत जायची. बर्नाडेटचा नमुना साध्या जुन्या पद्धतीचा होता. वर एक ओळ, खाली वेळा. दोन्हींना कचेरीची खरी माहिती जोडलेली होती. एकदा निवडलं की पुढची पाच-सहा वर्षं त्यावरच काढायची होती, आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कचेरीला कळवायचं होतं.

शुक्रवारी दुपारी दोन्ही पानं माझ्यावर उघडली. ऑफिसच्या वायफायवर कॉर्बिनचं पान चार सेकंदांत आलं.

"बघ, म्हातारासुद्धा धावला," डॉईल म्हणाला. "मिटव आता, बर्न."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही वायफायची करामत होती, माझी नव्हे. पण मला बोलता कुठे येतं? बोलली ती बर्नाडेट.

"बोटीची वाट बघणारा माणूस तुझ्या खुर्चीत बसून बघणार आहे का? तो धक्क्यावर असेल. चला धक्क्यावर."

"या वाऱ्यात? डोकं फिरलंय तुझं," कॉर्बिन म्हणाला.

"कोट घाल आणि चल. येताना तळलेला कॉड मासा खाऊ, माझ्याकडून."

कॉडचं नाव काढल्यावर डॉईल उठलाच.

धक्क्यावर रेंजची एकच काडी होती. माझी बॅटरी अकरा टक्क्यांवर, आणि थंडीत ती भराभर उतरायला लागली. मी मनाशी ठरवलं, दोन्ही पानं दाखवल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत. आधी कॉर्बिनचं पान घेतलं. त्याचं सामान येतच राहिलं. एक मिनिट झालं, दोन झाली, पडदा पांढराफटक. कॉर्बिन माझ्यावर वाकून "ये ना रे" म्हणत होता. मला त्याची दया आली, पण नसलेलं पान मी कुठून आणू? मग सहा टक्क्यांवर बर्नाडेटचं पान मागितलं, आणि ते लगेच आलं. वरच्या ओळीत लिहिलं होतं: तीनची बोट वाऱ्यामुळे रद्द.

शेजारी एका ट्रकमध्ये बेटावरचे लिअँडर बड्जेल बसले होते. बाजूच्या सीटवर किराण्याच्या पिशव्या आणि रिकामा थर्मास. बर्नाडेटने काचेवर टकटक केली.

"लिअँडरकाका, तीनची रद्द झाली."

"कोण म्हणतं, पोरी? अकरापासून बसलोय मी. यात नुसतं चाक फिरतंय." त्यांनी आपला मोबाईल पुढे केला. त्यावर कचेरीचं सध्याचं पान अडकलेलं होतं. मोबाईल माझ्याच जातीचा, माझ्याहून जास्त तडकलेला.

तो कॉर्बिनने हातात घेतला. गारठलेल्या बोटांनी त्याने त्यावर पत्ता टाकला, आपल्या पानाचा नाही, बर्नाडेटच्या. पान आलं. लिअँडरकाकांनी चष्मा सावरून ती ओळ वाचली.

"मग बहिणीकडे जातो मुक्कामाला," ते म्हणाले. "हे आधी दिसलं असतं तर बरं झालं असतं रे."

कॉर्बिनने मान खाली घातली. मग डॉईलकडे वळून म्हणाला, "कचेरीला कळव. बर्नचं पान."

तेवढं ऐकलं आणि मी बंद पडलो. मला त्याचं काही वाटलं नाही, काम झालं होतं.

मित्रांनो, तुम्हीही उद्या काहीतरी बनवाल. तुमच्या हातात तेव्हा चांगली यंत्रं असतील आणि ती प्रत्येक गोष्टीला हो म्हणतील. म्हणून माझ्यासारखा एखादा जुना मोबाईल टाकून देऊ नका. त्याला चार्ज करा, बाहेर वाऱ्यात घेऊन जा, आणि त्याला आधी विचारा. लिअँडरकाका त्या दिवशी तीन तास ट्रकमध्ये थांबले होते. तुमच्या कामापायी असं कुणाला बसवू नका.