चार इंची टोप्या

फरशीतात्यांच्या न्हाणीघरातलं साबणाचं पाणी थेट अंगणात आलं आणि त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या वहिनींची चप्पल त्यात तरंगत माझ्या दुकानाच्या पायरीला लागली, तेव्हाच मी ओळखलं की हा माणूस आता कुणाच्या बापाला ऐकणार नाही.

मी शिंपी. त्यांच्या घरात आणि माझ्या दुकानात एकच भिंत. त्यांचं भांडण ऐकायला मला कान लावावा लागत नाही. उलट ऐकायचं नसेल तर मशीन जोरात चालवावं लागतं. त्या दिवशी मी ते बंदच ठेवलं.

"न्हाणीचा पाइप कुठं गेला?" वहिनी ओरडल्या.

"गेला नाही. कामाला लागला," तात्या म्हणाले.

"कसल्या कामाला?"

"शेतीच्या."

"शेत आहे का आपल्याला? फरशी आहे ती, फरशी!"

हे मात्र खरं होतं. वाटणीत काळी जमीन थोरल्या भावाकडं गेली आणि तात्यांच्या वाट्याला माळाचा असा तुकडा आला की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. म्हणून गावानं त्यांचं नाव फरशीतात्या पाडलं. तात्यांना त्याचं काही नव्हतं. ते वहिनींना लागलं, आणि तेही पालकाच्या एका जुडीवरून. जुडी मागायला त्या जाऊबाईंकडं गेल्या, तर जाऊबाई चार बायकांसमोर म्हणाल्या, "ने बाई ने. तुमच्याकडं तर फडकं मारलं की झाली शेती!" वहिनी हात हलवत परत आल्या आणि त्यांनी घरात जाहीर केलं की आता दुसऱ्याच्या शेतातलं पान या चुलीवर चढणार नाही. दारात उगवेल तेव्हाच पालेभाजी खायची. त्याला दोन महिने होत आले होते. वहिनी हट्टाच्या पक्क्या. आतल्या आत किती कुढत होत्या ते भिंतीपलीकडून मला कळत होतं, आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटत होतं.

अशात तात्यांनी मोबाइलवर बिनमातीची शेती पाहिली. पाइपांना भोकं पाडायची, भोकात रोपं बसवायची, आतून खताचं पाणी फिरवत ठेवायचं, बस्स. ते धावत माझ्याकडं आले.

"शिंपीबुवा, अहो, एवढी वर्षं मी मातीसाठी झुरलो, आणि ती लागतच नाही म्हणे!"

मग गावातून वस्तू गायब व्हायला लागल्या. न्हाणीचा पाइप गेला. माझ्या पत्र्यावरचं पाणी खाली आणणारा पाइप गेला. "पाऊस येईपर्यंत तुम्हाला त्याचं काय काम?" असं वर मलाच विचारलं. दूधवाल्यानं जुनं पिंप दिलं आणि तळाला भोक असल्याचं सांगितलं, तर तात्या म्हणाले, "एक भोक कमी पाडावं लागेल." न्हाव्याच्या कूलरमधला पंप त्यांनी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली असताना काढून नेला. उरलेल्या अर्ध्या दाढीत ते गिऱ्हाईक घामानं एवढं निथळलं की न्हाव्याला पाणी लावावं लागलं नाही.

कहर झाला तो खड्यांवरून. रोपाला आधार म्हणून बारीक खडे लागतात असं तात्यांनी वाचलं, आणि ते एसटीनं तालुक्याला जाऊन खड्यांचं पोतं विकत घेऊन आले. पोतं खांद्यावर घेऊन भर चौकातून चालत आले. चौक उठून उभा राहिला.

"अहो, दगड विकत आणले?" वहिनींनी कपाळावर हात मारला. "दगड? आपण?"

"हे धुतलेले आहेत."

"मग आपले मी धुऊन दिले असते की! जन्मभर पुरले असते!"

आता राहिली होती पाइपांची तोंडं बंद करायची. नळवाला येऊन बघून गेला आणि जाताना म्हणाला, "टोप्या घाला. चार इंची. सहा पाइप, बारा टोप्या." तो गेल्यावर तात्या सरळ माझ्या दुकानात आले.

"बारा टोप्या शिवा. चार इंची."

"कुणाला बारा लेकरं झाली?"

"पाइपांना घालायच्या आहेत."

मी यापेक्षा विचित्र मापं घेतली आहेत. जाड मांजरपाट घेतला, दुहेरी शिलाई मारली, कडेला नीट पट्टी लावली. पाइपाला झाली म्हणून काय, टोपी ती टोपी. सगळे पाइप टोप्या घालून ओळीनं आडवे मांडले तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला. मग पंप सुरू झाला, आणि बाराच्या बारा टोप्या गळायला लागल्या.

नळवाला हसता हसता खालीच बसला. "तात्या, टोपी म्हणजे प्लॅस्टिकचं झाकण हो! आमच्या धंद्यात टोपीच म्हणतात त्याला!"

तात्या माझ्याकडं वळले. "म्हणजे तुम्ही मला टोपी घातलीत."

"बारा घातल्या," मी म्हणालो.

तात्यांचा चेहरा पडला. ते मटकन त्या विकतच्या दगडांवर बसले. "राहू दे. माझ्या हातून काही उगवायचंच नाही," असं ते हळूच म्हणाले. तोवर दारात उभ्या असलेल्या वहिनी पुढं आल्या. त्यांनी एक ओली टोपी काढली, उलटी करून पाइपाच्या भोकात दाबली. कड बाहेर राहिली, पोट आत पाण्यात लोंबलं. त्यात मूठभर खडे घातले आणि पालकाचं एक रोप उभं केलं. ते उभं राहिलं.

"बघता काय? दुसरं द्या," त्या म्हणाल्या.

हसल्याचा दंड म्हणून नळवाल्यानं खरी झाकणं आणून बसवली. बारा टोप्यांत बारा रोपं लागली. त्यातली पाच दूधवाल्याच्या बकरीनं खाल्ली, राहिली सात. वहिनी रोज सकाळी त्यांच्याशी बोलायच्या, माझ्याशी बोलायच्या त्यापेक्षा जास्त. सातांतून निघाली बरोबर एक जुडी. माझ्याच दोऱ्यानं त्यांनी ती बांधली आणि दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात जाऊबाई बघायला आल्या. पाइपांकडं बघितलं, टोप्यांकडं बघितलं, वाकून माती शोधली. ती सापडेना.

"अगं, पण याला चव असते का?"

वहिनींनी हातातली जुडी त्यांच्या पदरात टाकली. "खाऊन बघा, अक्का."

"अगं, एवढीच तर दिसतेय!"

"न्या हो. आवडली तर परत या."

जाऊबाई जुडी घेऊन वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत तात्या नुसते बघत राहिले.

"सगळी दिलीस? अगं, न्हाणी फुटली, गाव मला हसलं, तीन महिने झाले पान बघून! आता शिजवणार काय?"

"बटाटा," वहिनी म्हणाल्या.

आणि त्या दिवशी त्यांनी तो दोनदा वाढून घेतला.