परत ओलांडायचं राहिलं

वकीलसाहेबांना घरात चालताना खाली बघायची सवय नव्हती. हातात खटल्याचे कागद, नाकावर चष्मा आणि पाय नेतील तिकडे स्वारी. जमिनीवर झोपलेल्या लेकीला ते हमखास ओलांडून जायचे आणि आतून बायको ओरडायची, "अहो, उंची खुंटेल पोरीची! फिरा मागे, परत उलटं ओलांडा." भल्याभल्या न्यायाधीशांना न जुमानणारा हा माणूस निमूटपणे मागे फिरायचा. असं उलटं ओलांडल्याने दोष जातो यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण बायकोशी वाद घालून जिंकलेला वकील अजून जन्माला यायचा आहे.

परक्या सरकारच्या कोर्टांवर बहिष्कार घालायचं ठरलं, तेव्हा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांना हेच आठवलं. ते म्हणाले, "कुणाला अडवायचं नाही, शिवी द्यायची नाही. कोर्टाच्या दारात भिंतीपासून भिंतीपर्यंत आडवं पडायचं. ज्याला आत जायचंय त्याने आपल्याला ओलांडून जावं. बघू कुणाचा पाय उचलतो ते."

एका म्हाताऱ्या वकिलाने सुचवलं, की जे खटले आधीच चालू आहेत तेवढे वगळावेत. साहेबांनी ठरावाच्या मसुद्यातून ते वाक्य स्वतःच्या हाताने खोडलं. "वकिलाला सुईएवढी फट ठेवा, तो तिच्यातून घोडागाडी काढेल," ते म्हणाले. सभा हसली, टाळ्या पडल्या. साहेबही मनातून खूश झाले. आपण स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे टाळ्यांच्या आवाजात कुणाला कळतं?

कारण नालबंदाचा खटला अजून संपला नव्हता. घोड्यांना नाल ठोकणारा हा तरुण एका ठेकेदाराचा हातोड्याने खून केल्याच्या आरोपाखाली तुरुंगात होता. त्याने खून केलेला नाही, याची साहेबांना खात्री होती. सुनावणीला अजून अवकाश आहे असं ते धरून चालले होते. न्यायाधीशांनी नेमका बहिष्काराचा पहिला दिवस नेमला. मुदत मागितली, मिळाली नाही. दुसरा वकील शोधावा तर सरकारी वकील सोडून गावातल्या एकूण एक वकिलाने ठरावाखाली सही केलेली, तीही साहेबांनीच मागे लागून घेतलेली.

आदल्या दिवशी नालबंदाची आई त्यांच्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसली. "तुमच्यात काय ठरलंय ते मला कळत नाही, साहेब. माझ्या पोराला फाशी देतील का, तेवढं सांगा."



संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "मी उद्या कोर्टात जाणार."

बायकोने चुलीवरून नजर काढली नाही. "ठराव तुमचाच ना?"

"माझाच."

"शपथ मीही घेतलीय. मी दारात असणार."

"ठाऊक आहे."

ती उठली. खुंट्या ठोकायचा घरातला हातोडा तिने फळीवरून काढला, जुन्या फडक्यात गुंडाळला आणि त्यांच्या हातात दिला. "काल मागत होतात ना?" एवढंच म्हणून ती परत कामाला लागली.

सकाळी काळा कोट घातलेले साहेब कोर्टासमोरच्या गर्दीला दिसले. मग कुणीतरी ओरडलं, "सहीची शाई तरी वाळू द्यायची होती!" ते ऐकून न ऐकल्यासारखं करत ते रांगेच्या कडेने चालत गेले. कुठे पाऊलभर जागा आहे का ते शोधत होते. जागा नव्हती. फट ठेवू नका, असं त्यांनीच बजावलं होतं. एका टोकाला शाळेतले म्हातारे मास्तर पडले होते, दुसऱ्या टोकाला खानावळवाली विधवा. आणि मधोमध, उंबऱ्यापाशी, त्यांची बायको. डोळे मिटलेले, हात छातीवर.

ती कडेला कुठेतरी असेल असं त्यांनी गृहीत धरलं होतं. परत फिरावं असं अगदी जिवापासून वाटलं. पण बगलेत तो हातोडा होता आणि मागे कुठेतरी गर्दीत ती आई उभी होती.

त्यांनी बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी पायाने बायकोला ओलांडलं. तिची पापणी हलली नाही. मागून कुणीतरी थुंकलं, ते कोटावर पडलं. ते न पुसताच ते आत गेले.

माणसं आडवी पडायच्या आधी पहाटेच आत येऊन बसलेल्या सरकारी वकिलांचा सगळा भर एका साक्षीदारावर होता. नालबंदाचा हातोडा मी चांगला ओळखतो, त्याच्या हातात तोच होता, असं हा गृहस्थ छातीठोकपणे सांगत होता. साहेबांनी न्यायाधीशांची परवानगी घेऊन पुराव्यातला हातोडा आणि त्याच्यासारखेच आणखी दोन त्याच्यासमोर मांडले. "यातला नालबंदाचा कोणता?" साक्षीदाराने जराही न चाचरता साहेबांच्या घरातला, खुंट्या ठोकायचा हातोडा उचलला. तिथेच सरकारी बाजूचं पितळ उघडं पडलं. संध्याकाळी नालबंद सुटला.

त्याच्या आईने पाय धरले, तिला उठवून साहेब घाईघाईने दाराकडे निघाले. त्यांना एकच सुचत होतं. मागे फिरायचं आणि उलटं ओलांडायचं. स्वतःच्या या खुळ्या विचाराचं त्यांना हसूही येत होतं.

दार मोकळं होतं. दुपारीच पोलिसांनी सगळ्यांना उचललं होतं आणि मॅजिस्ट्रेटने सहा-सहा महिने ठोठावूनही टाकले होते. इतका झटपट न्याय त्या सरकारने एरवी कुणाला दिला नव्हता.

चौकीत गजांच्या पलीकडे ती बसली होती. त्यांना पाहून उठली.

"सुटला?"

"सुटला."

"मग झालं." तिने पदराने तोंड पुसलं. "पोरीला आत्याकडे पाठवा. केस विंचरताना रडते, आत्याला म्हणावं हळू हाताने विंचर."

"तू मधोमध का पडलीस?"

"कुणाला तरी ओलांडणं भागच होतं ना तुम्हाला? मास्तरांना ओलांडलं असतंत तर जन्मभर त्यांच्यापुढे मान वर करता आली नसती. घरच्या माणसाचं घरात भागतं."

साहेब गजांच्या जवळ सरकले. "राग नाही आला?"

"येणार नाही? पाठीखाली दगड, अंगावरून नवरा!" ती हसली. मग हसू ओसरलं आणि ती हळूच म्हणाली, "मी डोळे मुद्दाम मिटले होते. नजरानजर झाली असती तर तुम्ही मागे फिरला असतात. आणि तो बिचारा लटकला असता."

साहेब म्हणाले, "परत ओलांडायचं राहिलं."

"राहू द्या. या वयात कुठली उंची वाढतेय माझी?"

शिपायाने तिला नेलं. साहेब गज धरून तिथेच रडले, कोण बघतंय याची त्यांना पर्वा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वकिलीची सनद कोर्टाला परत पाठवली आणि जाऊन दारात आडवे झाले, मधोमध, उंबऱ्यापाशी. काल ओरडणाऱ्यांपैकी काही जण मुकाट्याने त्यांच्या दोन्ही बाजूंना पडले. पाठीखाली खरंच दगड होता. त्यांनी तो काढला नाही.

थोड्या वेळाने काल हरलेले सरकारी वकील आले आणि थबकले. दोघे एकाच वर्गात शिकलेले. "उठ बाबा," ते म्हणाले. "आज मला काम आहे."

"जा की. तुला कोण अडवतंय?"

सरकारी वकिलांनी एक पाय उचलला. साहेबांनी डोळे मिटले नाहीत. ते उघडे ठेवून मित्राच्या तोंडाकडे बघत राहिले. उचललेला पाय क्षणभर तसाच राहिला, आणि मग होता तिथेच खाली आला.