अर्धी केलेली वाटी

मी वाटी बोलतेय. गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माझं डोकं फिरलंय.

कारखान्यात स्टीलच्या चकतीवर दणका बसला आणि मी जन्मले. आतून पोटावर एक रेघ कोरली, म्हणून मी मापाची. पुढे भांड्यांच्या दुकानात दोन वर्षं फळीवर काढली. आमचे मालक गप्पिष्ट, पण मापाला कडक. एकदा एक दूधवाला हळूच म्हणाला, "शेठ, या मापाला खालून जरा ठोकून द्या ना. गिऱ्हाइकाला काय कळतंय!" मालकांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "पोटाला ठोकायचं तर स्वतःच्या ठोका. माझ्या दुकानातलं माप खोटं बोलत नाही." ऐकून माझी छाती फुगली. वाटीला छाती नसते, ते सोडा.

एक दिवस इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ मॅडम आल्या आणि माझ्यासारख्या वीस जणी घेऊन गेल्या. त्यांच्या टेबलावर मला माझी बाई भेटली. घरी शिवणकाम करणारी. पाव इंचाचा फरक राहिला तरी अख्खी शिवण उसवणारी. तिला नुकतंच इन्सुलिन सुरू झालं होतं.

"ताई, जेवणाआधीचा डोस या वाटीला धरून ठरलाय," मॅडम म्हणाल्या. "रेघेपर्यंत भात, सोबत डाळ, भाजी. जास्त नको, आणि कमी तर मुळीच नको. इंजेक्शन घेतलं की पंधरा मिनिटांत पहिला घास."

"समजलं, मॅडम."

तिला खरंच समजलं होतं. पण त्या घरात वाढणारे हात काही तिचे एकटीचे नव्हते.

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मला पाहिलं. "अगं बाई, एवढा भात? साखर आहे ना तुला?" एक चमचा काढला. नवऱ्याने आणखी दोन काढले. "तुझ्या भल्यासाठीच सांगतोय गं." म्हणजे बघा, इंजेक्शन भरल्या वाटीचं आणि वाटी अर्धी! दुकानात याला मापात मारणं म्हणतात. घरात याला काळजी म्हणतात.

मग मशीनवर बसली की साखर उतरून तिचे हात थरथरायचे. दोऱ्यांच्या डब्यात लपवलेलं बिस्कीट ती गुपचूप तोंडात टाकायची. एकदा सासूबाईंनी पकडलं. "चोरून खातेस होय?" आपल्याच घरात चोर ठरली बिचारी, आणि गप्प बसली. मला तिचाही राग आला.

एका दुपारी नवऱ्याचे एक दोस्त जेवायला आले. बसचे ड्रायव्हर. एक वाजता बाईने इंजेक्शन घेतलं, मला भरून ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "आई, मी पटकन जेवून घेते."

"पाहुण्यांच्या आधी? लोक काय म्हणतील?"

ती वाढत राहिली. पातेल्यातला भात संपला, तशी सासूबाईंनी मला उचललं आणि ड्रायव्हरांच्या ताटात पालथं केलं. "घ्या हो, संकोच करू नका. हिला भात चालतच नाही."

पावणेदोन वाजले होते. बाईच्या हातातला डाव खाली पडला. कपाळावर घाम, ओठ पांढरे. नवऱ्याने पाणी मागितलं, तर तिने मीठ आणून दिलं.

"पाहुण्यांसमोर काय हे नाटक?" तो दबक्या आवाजात म्हणाला. तोवर ती भिंतीला टेकून खाली बसली होती.

ड्रायव्हर ताडकन उठले. "वहिनी इन्सुलिन घेतात का? माझी आई घेते. साखर आणा पाण्यात घालून. लवकर!"

सासूबाईंनी साखरेचा डबा छातीशी धरला. "साखर? हिला? जीव घ्यायचाय का तिचा?"

"आजी, जीव जातोय तो साखरेवाचून! द्या इकडे!"

त्यांनी डबा हिसकावला. बाई शुद्धीवर होती, गिळता येत होतं, म्हणून घोट घोट साखरपाणी आत गेलं. पंधराएक मिनिटांनी ती नीट बोलू लागली.

"इंजेक्शन घेऊन या जेवल्याच नाहीत?" ड्रायव्हरांनी विचारलं. त्यांनी आपल्या ताटाकडे पाहिलं. "मग हा भात कुणाचा होता?"

दुसऱ्या दिवशी बाई मला पिशवीत घालून इस्पितळात गेली; झालेलं ऐकून मॅडमनी सगळ्यांना बोलावून घेतलं. "आम्ही भल्यासाठीच करत होतो," सासूबाई रडत म्हणाल्या.

"आजी, जेवण कमी करायचं तर आधी डोस बदलावा लागतो. आणि तो डॉक्टर बदलतात, तुमचा चमचा नाही."

छान बोलल्या. पण मॅडम, हे पहिल्या दिवशी का नाही? तासभर शिकवलंत ते एकटीला. तिचा घास उचलणारे बाहेर बाकावर बसून जांभया देत होते!

घरातलं शहाणपण पंधरा दिवस टिकलं. काल नवऱ्याचा चमचा पुन्हा माझ्याकडे वळला. "आज जरा कमी घे ना. दिवसभर बसूनच तर असतेस."

बाईने माझ्यावर आडवा हात धरला. "इंजेक्शन घेतलंय मी. चमचा मागे घ्या."

तो नुसता हसला. चमचा तिथेच.

"मागे घ्या म्हणते ना!"

तिचा असा आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता. चमचा मागे गेला. ती शेवटच्या शितापर्यंत जेवली, आणि मी पहिल्यांदाच तिच्या हिमतीवर रिकामी झाले.

तेव्हा काळजीवाल्यांनो, तुमच्या घरी कुणी इन्सुलिन घेत असेल, तर शिकायला तिच्याबरोबर जा. बाकावर नका बसू, आत जा. आणि तेवढी सवड नसेल, तर तिचं जेवण होईस्तोवर तोंड मिटा आणि हात आवरा.