मागच्या खोलीतलं दुखणं

धाकट्या जावेचा डबा भरताना थोरलीच्या पोटात रोज दुखायचं. धाकटी गळ्यात प्रयोगशाळेचं ओळखपत्र अडकवून यायची, "ताई, निघते हं," म्हणत डबा उचलायची आणि जायची. डब्यात काय आहे, हे तिनं कधी विचारलं नाही. परवा तर पेपरात फोटो आला तिचा, पांढरा कोट आणि हातात बोटभर नळी. दिरानं तो चौकटीत बसवून बैठकीत टांगला, नेमका सासूबाईंच्या फोटोशेजारी.

'पंचवीस वर्षं या घरात राबतेय मी, आणि भिंतीवर चढली ही!' थोरलीनं पातेलं आपटलं. त्यात पोटची लेकसुद्धा म्हणायची, "आई, काकू कसली भारी आहे गं!"

थोरलीच्या काखेत गाठ होती. आधी वाटाण्याएवढी, आता सुपारीएवढी. नवऱ्याला सांगितलं, तर तो दार लावून घेत म्हणाला, "लेकीचं जमत आलंय. लग्न होईपर्यंत तोंड उघडू नकोस. रोगाच्या घरातली मुलगी कोण करून घेईल? आईनं नाही का सोसलं?"

आईनं सोसलं होतं खरं. सासूबाई मागच्या खोलीत कण्हत गेल्या, तेव्हा नणंदेचं लग्न ठरायचं होतं. बाहेर सगळ्यांना अशक्तपणा म्हणून सांगितलं. या घरात बायकांच्या दुखण्यांना मुलींची लग्नं होईस्तोवर उंबरठ्याबाहेर पडायची रजा नव्हती.

धाकटीला सांगावं, असं थोरलीला कितीदा वाटलं. पण हिच्यापुढे हात पसरायचे? त्यापेक्षा गाठ परवडली.

रविवारी मुलाकडची माणसं आली. मुलाच्या आईचं लेकीकडे कमी आणि भिंतीवरच्या फोटोकडे जास्त लक्ष. "तुम्ही कॅन्सरवर औषध शोधताय ना? आम्हाला समजेल असं सांगा की!"

धाकटी खुलली. "आपल्या रक्तात प्रतिपिंडं असतात. रोग ओळखून त्याला चिकटणारी. पण ती आकारानं मोठी. गाठ घट्ट असली की कडेलाच अडकतात. म्हणून आम्ही त्यांचा फक्त ओळखणारा तुकडा घेतो. लहान असल्यानं तो आतपर्यंत शिरतो. अडचण एवढीच, की मूत्रपिंडं त्याला लगेच बाहेर टाकतात. तो जास्त वेळ टिकावा, यावर माझं काम चाललंय. अजून उंदरांवरच आहे."

'उंदरांचं नशीब थोर,' चहाचा ट्रे धरून उभ्या थोरलीच्या मनात आलं. 'त्यांच्या गाठी हिला दिसतात.'

"तुमच्या घरात नाही ना कुणाला असलं काही?" मुलाच्या आईनं सहज विचारलं.

"छे, छे!" थोरलीचा नवरा हसला. "विचारा हवं तर आमच्या शास्त्रज्ञबाईंना!"

धाकटीनं सासूबाईंच्या फोटोकडे पाहिलं. मग स्वतःच्या नवऱ्याकडे. त्यानं डोळे वटारले. तिनं मान खाली घातली. "नाही. कुणाला नाही."

थोरली बघतच राहिली. इतकी वर्षं जिचा हेवा करून जीव जाळला, तिच्याही तोंडाला तेच कुलूप! उंदरांच्या गाठींवर भरभरून बोलणारी ही बाई घरातल्या गाठीपाशी मुकी. थोरलीला आधी राग आला, मग तिची कीव आली आणि मग स्वतःची.

तिनं ट्रे खाली ठेवला. "खोटं आहे. सासूबाई त्यानंच गेल्या. मलाही काखेत गाठ आहे. कसली ते तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि उद्या मी तपासायला जाणार आहे."

चहा तसाच राहिला. पाहुणे "कळवतो" म्हणून उठले. ते फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच नवरा कडाडला, "लेकीच्या जन्माचं वाटोळं केलंस!"

धाकटी रडत होती. "ताई, मला का नाही सांगितलंत?"

"जळत होते तुझ्यावर," थोरली म्हणाली. "तुला सगळं बोलता येतं, असं वाटायचं मला."

धाकटीनं डोळे पुसले. "आज मला तुमचा हेवा वाटला, ताई. उद्या मी येते सोबत."

एवढा वेळ लेक दारात उभी होती. आता ती बापासमोर आली. "बाबा, आजीला कॅन्सर होता. आईला कदाचित असेल. मग माझ्यावरही लक्ष ठेवायला नको का? हे तुम्ही मला कधी सांगणार होतात? लग्न झाल्यावर?"

वाचकहो, तुमच्याही घरात एखादी मागची खोली असेल. तिथलं दुखणं तुम्ही जिच्यासाठी लपवताय, त्या मुलीला एकदा विचारलंय का?