नूरीच्या लाल पट्ट्या

"सर, घोडीला मोजे घातले तर तिच्या पायांना घाम येतो का?"

प्रश्न माझा नव्हताच. जनावरांचे डॉक्टर शाळेत भाषणाला आले की लुबनानं, म्हणजे मी, हे विचारून दाखवायचं, अशी माझ्या मैत्रिणींनी, सविता आणि शायनानं, पैज लावली होती. मी उठले आणि खणखणीत विचारलं. नववीचे दोन्ही वर्ग खिदळायला लागले. वडगाव रासाईत वरातीची घोडी एकच, आमची नूरी. आणि तिच्या चारी पायांना लाल मखमली पट्ट्या असतात, हे सगळ्यांना माहीत. त्या मीच शिवल्यात.

डॉक्टर हसले नाहीत. "मोजे म्हणजे पट्ट्या? कशासाठी बांधता?"

"पाटाला पाणी सुटल्यापासून नूरीच्या छपरापुढं नुसती राड झालीय, सर. तिचे पाय वरातीत पांढरेशुभ्र दिसायला हवेत. म्हणून पाय धुतले की लगेच पट्टी बांधली."

"ओल्यावरच?"

"व्हय. चिखल लागायच्या आत."

"आणि सोडली कधी?"

"सोडायची कशाला? रोज नदीवर नेते आन् पट्टीवरूनच धुते. बारा दिवस झाले."

मागून कोणीतरी म्हणालं, "मोज्यासकट आंघोळ," आणि पुन्हा हशा. मला मजा येत होती. आता दोन्ही वर्ग माझ्याकडे बघत होते.

"पाय आपटते का ती?" डॉक्टरांनी विचारलं.

"आपटते म्हंजी? ताशा नसला तरी नाचते. अब्बा म्हणतात, स्वतःहून सराव करते."

डॉक्टर माझ्या बाकाजवळ आले. हळूच म्हणाले, "बाळ, चिखलापेक्षा ती ओल वाईट. घरी जा आणि पट्ट्या सोड. धुऊ नको. पाय वाळू दे. उद्या सकाळी मी येतो."

घरी गेल्यावर दप्तर दारात टाकलं आणि आधी नूरीकडे गेले. पुढच्या उजव्या पायाची पट्टी सोडायला घेतली. तीन वेढे निघाले, तसा भिजवून विसरलेल्या मटकीसारखा वास आला. शेवटचा वेढा निघेना. मी जरा ओढला. त्याच्याबरोबर केसांचा पुंजका आला आणि केसांबरोबर कातडी. खुराच्या वर सगळं लालभडक, ओलं, खपल्या निघालेलं. नूरीनं पाय आपटला. अगदी तसाच, ज्याच्यावर आम्ही बारा दिवस टाळ्या वाजवत होतो.

अजून तीन पाय राहिले होते. मी अम्मीला हाक मारली. ती बाहेर आली, बघितलं आणि तोंडावर पदर धरला.

उरलेल्या पट्ट्या अब्बांनी सोडल्या. चारी पाय तसेच. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "उद्या राहू गावाला हौसराव आप्पांच्या पोराची, विश्वजीतची वरात हाय. नव्या पट्ट्या बांधू. वरून कुणाला दिसतंय?"

"तिला पाय टेकवंना आन् तुम्ही तिला नाचवणार?" अम्मी म्हणाली.

"आप्पांना शब्द दिलाय, इमामबी. ही वरात चुकली तर पुढची कोण देईल? लोक दुसरी घोडी बघतील."

असं म्हणत होते आणि नूरीच्या पायावर फुंकर घालत होते. माझा गुडघा फुटला की घालायचे तशी.

मी हातातली पट्टी खाली टाकली.

"बांधल्या मी, तर सांगणार पण मीच," मी दोघांना म्हणाले. "आज नूरीला ओट्यावर कोरड्यात बांधायचं. उद्या ती राहूला जाणार न्हाई. पहिल्या एस.टी.नं मी जाते आन् आप्पांना तोंडावर सांगते, घोडी का येत न्हाई ते. शाळा बुडली तर बुडू दे. सकाळी जनावरांचे डॉक्टर येणारेत, त्यांना पाय दाखवा. आन् मी येईपर्यंत तिच्या पायाला कुणी काही गुंडाळायचं न्हाई. अब्बा, तुम्ही पण न्हाई."