पत्ता: बाहेर उभी आहे ती

मी एक जुनी घरगाडी आहे, हे वेगळं सांगायला नको; माझ्या चाकांखाली वाढलेलं गवत ते सांगतंच. अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या एका छोट्या चर्चच्या मागे गेली चार वर्षं मी उभी आहे. माझ्या गादीत उंदरांनी संसार थाटला आहे. माणसांपेक्षा ते बरे, एका जागी टिकून राहतात.

मित्रांनो, माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. पुढे इंजिन, मागे पलंग आणि मध्ये चूल, अशी माझी घडण. मला घेतलं ऑर्विल टॉर्गर्सनने. नॉर्थ डाकोटातल्या एका गावात त्याने एकतीस वर्षं टपाल वाटलं होतं. गावातला एकूण एक पत्ता त्याला तोंडपाठ. कोणाचं कुत्रं चावतं आणि कोणाची सून दुसऱ्याची पत्रं उघडते, तेही. निवृत्त झाला आणि त्याने राहतं घर विकायला काढलं. त्याची बायको अर्लिस गावच्या लुथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची.

"घर राहू दे की," ती म्हणाली. "परत यावं लागलं तर?"

"एका डोक्याला दोन छपरं कशाला?"

"डोकी दोन आहेत," अर्लिस म्हणाली, आणि ऑर्गनच्या खोलीची किल्ली परत देऊन आली.

अकरा वर्षं आम्ही हिंडलो. थंडीत टेक्सास, उन्हाळ्यात डोंगर. माझ्या दारावर देशाचा नकाशा चिकटवला होता. एक राज्य झालं की ऑर्विल त्यात रंग भरायचा. दर रविवारी जवळ जे चर्च असेल तिथे जायचं. मात्र ऑर्विलचा एक नियम होता.

"पहिल्या रविवारी कॉफी पाजतात," तो म्हणायचा, "दुसऱ्या रविवारी जेवायला बोलावतात, आणि तिसऱ्या रविवारी हातात झाडू देतात. आपण दुसऱ्या रविवारनंतर निघायचं."

"मला चालेल झाडू."

"तुला ऑर्गन हवाय. झाडूचं नुसतं निमित्त."

प्रत्येक चर्चच्या दाराशी पाहुण्यांची नोंदवही असते. त्यातल्या पत्त्याच्या रकान्यात ऑर्विल लिहायचा, 'बाहेर उभी आहे ती.' वाचणारा खिडकीतून माझ्याकडे बघायचा आणि हसायचा. खोटं कशाला बोलू, मी फुगून जायची. अर्धवट पत्ता लिहिणाऱ्यांना एकतीस वर्षं ज्याने बोल लावले, त्याच्या हातून हे घडतंय, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

ओळखी रग्गड झाल्या. टेक्सासमधल्या घरगाड्यांच्या तळावर सलग चार हिवाळे आमच्या शेजारी नेब्रास्काचे वर्नन आणि डार्लीन असायचे, आणि त्यांचा लंगडा कुत्रा पिकल्स. संध्याकाळी घडीच्या खुर्च्या गोल मांडायच्या. अर्लिसने भाजलेला बटाटा-खिमा आणि डार्लीनच्या लिंबाच्या वड्या मध्ये ठेवायच्या. पाचव्या हिवाळ्यात शेजारची जागा रिकामी. अर्लिस आणि ऑर्विल चौकशीला कचेरीत गेले.

"आडनाव काय त्यांचं?" तिथल्या बाईने विचारलं.

वर्ननच्या गुडघ्यात किती खिळे आहेत ते दोघांना माहीत होतं. डार्लीन बहिणीशी का बोलत नाही, तेही. आडनाव माहीत नव्हतं.

"नेब्रास्काचे वर्नन," ऑर्विल म्हणाला.

"नेब्रास्का मोठं आहे, आजोबा."

त्या दिवशी परत आल्यावर अर्लिस म्हणाली, "आपलंही असंच होणार."

"आपलं काय होणार? आपण दोघं आहोत ना."

अकराव्या वर्षी पानं गळताना आम्ही दक्षिणेला निघालो आणि वाटेत या चर्चपाशी थांबलो. दोन रविवार झाले. निघणाऱ्यांसाठी इथे निरोपाचं गाणं म्हणतात. ते म्हणून झालं. पास्टर डेल्बर्ट यांनी माझ्या चाकांसाठीसुद्धा प्रार्थना केली. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या वांडाबाईंनी अक्रोडासारख्या पेकानची अर्धी गोड पाई बांधून दिली. सोमवारी सकाळी ऑर्विल माझी किल्ली फिरवायला गेला, आणि त्याचा हात फिरलाच नाही. उजवं अंग पार लुळं पडलं होतं.

तो अकरा दिवस दवाखान्यात होता. लोक वाईट नव्हते. जेवणाचे डबे आले, फुलं आली. पास्टर आले आणि माझ्या टेबलाशी बसून म्हणाले, "अर्लिसबाई, कोणाकोणाला कळवायचं? नावं द्या, मी फोन करतो."

अर्लिसने फोटोंचा डबा उघडला. शेकडो हसरे चेहरे. पास्टर एकेक फोटो उलटून मागची नोंद वाचत गेले. 'बॉब आणि जॅन, तपकिरी कुत्रा.' 'सरोवराकाठचं जोडपं.' 'पिकल्सचे आईबाबा.' शेवटी त्यांनी डबा हलकेच बंद केला. अर्लिसने जुन्या गावच्या चर्चला फोन लावला. पलीकडून कोणी तरुण आवाज म्हणाला, "कोण अर्लिस?"

मग तिसरा रविवार आला. प्रार्थनेनंतर कॉफी झाली, तशी अर्लिस बाह्या सारून मोरीपाशी गेली. वांडाबाईंनी तिच्या हातातली बशी काढून घेतली.

"अहो, ठेवा ते. तुम्ही आमच्या पाहुण्या. त्यात तुमच्यावर हा प्रसंग."

"एक तरी धुऊ दे गं."

"छे, छे. बसा तुम्ही."

ती बसली. नंतर माझ्याकडे आली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ऑर्विलच्या जागेवर, स्टिअरिंगसमोर बसली. गाडी चालवायला ती कधी शिकलीच नव्हती. "तिसरा रविवार होता, ऑर्विल," ती म्हणाली. "कोणी झाडू दिला नाही."

ऑर्विल गुरुवारी गेला. त्याला निरोप द्यायला पाच माणसं जमली, त्यांतले दोघे खड्डा खणणारे. ऑर्गन वाजवणारी मुलगी परगावी होती, म्हणून अर्लिस स्वतः बसली. त्या चर्चमध्ये तिला मिळालेलं ते पहिलं काम. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं. ऑर्गन भरून वाजत होता, शंभर गळ्यांना पुरेल असा. गाणारे गळे पाच होते.

आठवड्याने तिचा एक लांबचा भाचा, पास्टरांनी शोधून काढलेला, आला आणि तिला नॉर्थ डाकोटातल्या फार्गोच्या वृद्धाश्रमात घेऊन गेला. माझ्याकडे बघून म्हणाला, "हिचं नंतर बघू." ते नंतर अजून आलेलं नाही, आणि आता येईल असं मला वाटत नाही. माझं छत गळतं. दारावरच्या नकाशाला ओल लागून रंगवलेली राज्यं एकमेकांत मिसळली आहेत.

मित्रांनो, मला कोणी रंग द्यावा, तेल घालावं, असं मी मागत नाही. माझी वेळ गेली. एवढंच सांगते. कोणाशी मैत्री केलीत तर त्याचं आडनाव विचारा आणि तो राहतो कुठे ते लिहून ठेवा. आणि तुमच्याकडे आलेला पाहुणा बाह्या सारून मोरीपाशी आला, तर त्याला बसा म्हणू नका. धुऊ द्या त्याला एखादी बशी.

चर्चच्या नोंदवहीत आमचा पत्ता अजून आहे. 'बाहेर उभी आहे ती.' ऑर्विलने लिहिलेल्या सगळ्या पत्त्यांपैकी हा एकच खरा ठरला. पण त्यावर पत्र कोण पाठवणार?