बिननावाची बोट

मित्रांनो, मी एक जुनी बोट आहे, पण मला अजून समुद्राचं पाणी लागलेलं नाही आणि पुढेही लागणार नाही. मी प्लास्टिकची, हातभर लांबीची. आचरा या बंदराच्या गावी एका घरात टीव्हीच्या वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. पाहुणे येतात, मला बघून "अगदी हुबेहूब" म्हणतात, चहा पितात आणि जातात. माझ्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नाव का नाही हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर या घरातली दोन माणसं एकमेकांकडे न बघता भलतंच काही बोलू लागली असती. म्हणून तुम्हाला मीच सांगते.

या घरात मी आले ती खोक्यातून. तेव्हा मी बोट नव्हतेच. करड्या प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना घोसासारखे लटकलेले बारीक बारीक सुटे भाग, एवढीच मी. खोक्यावर मात्र मासेमारीच्या बोटीचं झोकदार चित्र होतं. मला मागवलं मुनीबने. हाफिजभाईंचा हा मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. काही महिने समुद्रावर, काही महिने घरी. समुद्रावरून सुटून घरी यायचं आणि घरी बसून पुन्हा बोटच करायची, यावरून त्याची आई जोहराबी त्याची यथेच्छ टर उडवायची.

मुनीबचा हात फार हळुवार. एकेक भाग कापायचा, त्याची कडा बारीक पॉलिशपेपरने घासायची, काडीच्या टोकावर थेंबभर गोंद घेऊन चिकटवायचा. रंग देताना तो पंखा बंद करायला लावी, धूळ बसते म्हणून. आचऱ्याच्या उकाड्यात पंखा बंद म्हणजे घरच्यांनी ओटीवर जाऊन बसायचं. हवा इतकी दमट की रंग वाळता वाळत नसे. तोवर माझ्यावर आंब्याची रिकामी पेटी पालथी घातलेली असे. इतके लाड होताहेत म्हटल्यावर मी जरा चढूनच गेले होते.

हाफिजभाई मात्र ओटीवर जात नसत. घाम पुसत खुर्चीत बसून राहत आणि माझ्याकडे बघत. त्यांचा धंदाच होड्या रंगवण्याचा. पावसात होड्या वर ओढल्या की मोसम सुरू होईपर्यंत त्यांना उसंत नसे. रंग एखाद्याने दुसऱ्याकडून करून घेतला तरी नाळीवरचं नाव हाफिजभाईंच्याच हातचं हवं, अशी बंदरावर रीत पडली होती. नाव सगळ्यात शेवटी. त्यासाठी मालकाने स्वतः दारात यायचं आणि म्हणायचं, "भाई, नाव लिवूक चला." असं बोलावणं आल्याशिवाय त्यांनी कधी नावाचा ब्रश उचलला नाही. मग ते नाव कुणाच्या आईचं असो की ग्रामदेवतेचं, ते सारख्याच मायेने लिहीत.

माझंही नाव ठरलं होतं. मुनीबने मला आईचं नाव द्यायचं ठरवलं होतं, जोहरा. त्यासाठी त्याने छापील चिकटवायची अक्षरं मागवली. हे हाफिजभाईंनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले बारीक ब्रश धुतले, ब्रशांचे केस सारखे केले आणि खिडकीत वाळत ठेवले. ते मुनीबच्या डोळ्यांसमोर होते. बाप बोलावण्याची वाट बघतोय हे मला कळत होतं, आणि मला तोंड नाही. मुनीब काही वाईट मुलगा नव्हे. त्याच्या मनातच आलं नाही. अब्बा रंगवतात त्या मोठ्या होड्या, हा आपला छंद, असं त्याने धरलेलं होतं.

अक्षरं येण्याआधीच त्याला कंपनीचं बोलावणं आलं. बोटीला कुणी हात लावू नका, नाव मी आल्यावर घालीन, असं आईला बजावून तो गेला.

मुलगा गेला की घर कसं होतं ते तुम्हाला माहीत असेल. एका दुपारी जोहराबी शेजारी गेल्या होत्या. हाफिजभाईंनी पेटी उचलली आणि मला समोर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते बोलावण्याशिवाय नाव लिहायला बसले होते. नाव लिहिण्याआधी बाजू थिनरने पुसायची, म्हणजे तेलकटपणा जातो आणि अक्षर धरतं, हे त्यांच्या हातात इतकं मुरलेलं की त्यांनी विचारही केला नाही. फायबरच्या होडीला ते चालतं. मला नाही चालत. आधी रंग सुटला, मग खालचं प्लास्टिक मऊ पडलं. फडक्याचे धागे अंगात रुतले. घाईघाईने सावरायला गेले तर त्यांच्या अंगठ्याचा ठसा माझ्या कुशीत उमटला. ते कितीतरी वेळ मला हातात धरून बसले. मग पेटी पुन्हा पालथी घातली.

फोनवर मुनीब हटकून विचारायचा, बोट बरी आसा मा? हाफिजभाई म्हणायचे, आसा, आसा. जोहराबींनाही त्यांनी काही सांगितलं नाही.

मुनीब परत आला, बॅग न सोडताच त्याने पेटी उचलली.

"कोणी सांगल्यान तुमका हात लावूक?" तो बापाला म्हणाला. "ही काय बंदरावरची होडी आसा?"

हाफिजभाई खाली बघत म्हणाले, "माका नाव लिवचा होता."

त्या क्षणी मुनीबला सगळं समजलं आणि बोललेलं तर परत घेता येत नव्हतं. त्याने मला दुरुस्त केलं. पुट्टी भरली, घासली, पुन्हा रंगवलं. आता डाग शोधून सापडणार नाही. अंगठ्याचा ठसाही त्यात गेला, त्याचं मला फार वाईट वाटतं. छापील अक्षरं त्याने लावली नाहीत. रंग वाळल्यावर तो मला घेऊन बापासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "अब्बा, नाव तुम्ही लिवा."

"नको रे," हाफिजभाई म्हणाले. "तुझी ती चिकटवची अक्षरां बरी."

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. अगदी शांतपणे म्हणाले. त्याला आता काही वर्षं झाली. मुनीब प्रत्येक सुट्टीत एकदा विचारतो आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर येतं. बंदरावरच्या होड्या अजून हाफिजभाईंच्या हातची नावं मिरवत खाडीबाहेर पडतात. माझी धूळ तेच पुसतात, कोरड्या फडक्याने, घाबरत घाबरत. नाळीपाशी आले की त्यांचा हात थांबतो.

मित्रांनो, प्लास्टिकला थिनर लावू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझी विनंती एवढीच, की तुम्ही काही घडवत असताना घरातलं कुणी बाजूला बसून बघत असेल, तर त्याला वेळेवर हाक मारा. मुनीबने तेव्हा एकदा "अब्बा, नाव लिवूक चला" म्हटलं असतं, तर आज मी जोहरा असते.